जुन्या गाडीची पहिली नोंद जपा: परिवहन आयुक्तांना खुले पत्र

मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय: जुन्या वाहनांच्या पहिल्या नोंदणीची मूळ रजिस्टरे कायम जतन करण्याबाबत व त्यांचा प्रमाणित उतारा वाहनमालकांना मिळण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

राज्यातल्या आरटीओ कार्यालयांच्या रेकॉर्डरूममध्ये हाताने लिहिलेली जुनी नोंदणी रजिस्टरे पडून आहेत. ती कायमची जपली जावीत, त्यांची पाने स्कॅन व्हावीत आणि मागणाऱ्या मालकाला आपल्या गाडीच्या पहिल्या नोंदणीचा सहीशिक्क्यानिशी उतारा ठरलेल्या मुदतीत मिळावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे. गाडी गावातल्या गावात फिरत असते तोवर या रजिस्टरांची आठवण कुणाला होत नाही. गाडी घेऊन दुसऱ्या देशात राहायला गेले, की सगळे त्या एका पानावर येऊन थांबते.

मी मूळची पश्चिम महाराष्ट्रातली. नोकरीमुळे आमचे बिऱ्हाड इंग्लंडला हलवायचे ठरले, तेव्हा वडिलांची फियाट बरोबर न्यायची हे मी आधीच ठरवले होते. १९६८ ची फियाट ११०० डिलाइट, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून निघालेली, १०८९ सीसी, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. वडील तालुक्याच्या गावी डॉक्टर होते. रात्री-अपरात्री वाडीवस्तीवर जायचे ते याच गाडीने. काही वर्षे ते बेळगावच्या एका रुग्णालयात होते, तेव्हा गाडीही त्यांच्याबरोबर कर्नाटकात गेली आणि १९९१ मध्ये त्यांच्याबरोबर परत आली. त्यांच्यामागे फॉर्म ३१ भरून ती माझ्या नावावर झाली.

‘एवढा खर्च करून जुनी गाडी कशाला न्यायची, तिकडे चांगल्या गाड्या मिळतात की,’ असे घरच्यांसकट सगळ्यांनी विचारले. गाडी ही काहींना वस्तू असते, काहींना घरातले माणूस. मी दुसऱ्या प्रकारातली आहे, आणि महाराष्ट्रात माझ्यासारखे हजारो लोक आहेत. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी, म्हणजे याच फियाटचे पुढचे रूप, निवृत्त झाली, तेव्हा तिच्यात कधीही न बसलेल्या माणसांनाही चुटपुट लागली होती. ही भावना सरकारी नियमात बसत नाही हे मला कळते. पण नोंदणीचा खरा कागद मिळणे हे नियमातच बसणारे काम आहे, म्हणून आपल्याकडे आले.

ब्रिटनमध्ये बाहेरून आलेली गाडी नोंदवण्याची रीत किचकट वाटते, पण एकदा समजली की सरळ आहे. तिकडे कायमचे राहायला जाणाऱ्याला आपले घरसामान आणि गाडी करमाफीत नेता येते. अट अशी की तुम्ही सलग किमान १२ महिने ब्रिटनबाहेर राहिलेले असावे, वस्तू किमान ६ महिने तुमच्या ताब्यात आणि वापरात असावी, आणि पोचल्यावर १२ महिने ती विकू नये किंवा कुणाला वापरायला देऊ नये. त्यासाठी तिथल्या करखात्याकडे आधी अर्ज करावा लागतो. गाडी बंदरात उतरली की १४ दिवसांच्या आत ती आल्याची वर्दी त्याच खात्याला द्यायची. मग स्वॉन्सीच्या डीव्हीएलएकडे, म्हणजे त्यांच्या मध्यवर्ती वाहन नोंदणी कार्यालयाकडे, व्ही५५/५ नावाचा फॉर्म, ५५ पौंड शुल्क आणि गाडीची मूळ परदेशी कागदपत्रे पाठवायची. दहा वर्षांहून जुन्या गाडीला मंजुरीची वेगळी तांत्रिक चाचणी सहसा लागत नाही. आपल्यासारखेच उजव्या हाताचे स्टिअरिंग, डावीकडून चालायचे, त्यामुळे हेडलाइटही बदलावे लागत नाहीत. न्हावा शेवाहून कंटेनर निघाला तेव्हा अवघड भाग संपला असे आम्हाला वाटले होते.

अवघड होता तो फक्त एक रकाना: पहिल्या नोंदणीची तारीख.

ब्रिटनमध्ये गाडीचा नंबरच तिचे वय सांगतो. १९६३ पासून तिथल्या नंबरप्लेटवर वर्षाचे अक्षर, आणि २००१ पासून वर्षाचे आकडे असतात, आणि बाहेरून आलेल्या जुन्या गाडीलाही तिच्या वयाला साजेसाच नंबर देतात. ऑगस्ट १९६७ ते जुलै १९६८ या काळातल्या गाडीच्या नंबरच्या शेवटी ‘एफ’ येतो. वयाची किंवा ओळखीची खात्री पटली नाही, तर ‘क्यू’ने सुरू होणारा नंबर मिळतो. क्यू नंबरची गाडी रस्त्यावर दिसली की जाणकार माणूस ओळखतो, हिचे मूळ कागदाने सिद्ध झालेले नाही.

हे फक्त मानाचे असते तर मी आपल्याला तसदी दिली नसती. बांधून ४० वर्षे उलटलेल्या गाडीला ब्रिटनमध्ये ‘हिस्टॉरिक’ वर्ग मिळतो. मग तिला रस्ताकर शून्य. मोठे फेरबदल केलेले नसतील तर दरवर्षीची एमओटी तपासणी सक्तीची नाही. लंडनच्या प्रदूषण-नियंत्रण क्षेत्रात जुन्या पेट्रोल गाडीला दिवसाला १२.५० पौंड पडतात, ते या वर्गाला माफ. १९८० पूर्वी बांधलेली असेल तर जुन्या पद्धतीची काळी-रुपेरी नंबरप्लेट लावायची परवानगीसुद्धा आहे. आणि हे सगळे एका तारखेवर अवलंबून. नियम इतका काटेकोर आहे की २०२५ साली गाडी कधी बांधली हे माहीत नसेल, पण तिची पहिली नोंदणी ८ जानेवारी १९८५ च्या आधीची असेल, तर अर्ज करता येत होता. म्हणजे बांधणीच्या १ जानेवारी या तारखेपुढे नोंदणीसाठी आठवड्याची सवलत.

आता माझे आरसी स्मार्ट कार्ड. त्यावर नोंदणीची तारीख १९९१ ची आहे. उत्पादनाच्या रकान्यातही १९९१.

झाले असे. गाडी कर्नाटकातून परत आल्यावर तिला नवा एमएच क्रमांक मिळाला. जुने आरसी बुक, ज्याच्यावर १९६८ ची पहिली नोंद होती, ते तेव्हा कार्यालयात जमा झाले. पुढे नोंदी संगणकावर चढवताना ज्या दिवशी नवा क्रमांक मिळाला तोच दिवस पहिल्या नोंदणीचा दिवस म्हणून भरला गेला, आणि उत्पादन वर्षाचा रकाना रिकामा राहू नये म्हणून तिथेही तेच साल आले. कोणत्या कार्यालयात, कुणाच्या हातून, हे मी लिहीत नाही. ज्या माणसासमोर दिवसाला शेकडो नोंदींचा ढीग होता त्याला दोष देऊन काही हाती लागणार नाही. शिवाय त्याला शंका येण्याचे कारणही नव्हते. १९९१ साली कुर्ल्याहून तीच गाडी पद्मिनी या नावाने नवी कोरी बाहेर पडत होती.

आयुक्तसाहेब, माझ्या सगळ्या म्हणण्याचे मूळ इथे आहे. आपल्या देशातल्या जुन्या गाडीचे वय तिच्याकडे बघून ठरत नाही. इटलीत फियाटने ११०० डी हे मॉडेल १९६६ ला थांबवले. आपल्याकडे ते १९६४ ला सुरू झाले आणि १९७४ पासून पद्मिनी हे नाव घेऊन २००० च्या सुमारापर्यंत चालले. मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी आवृत्ती इंग्लंडमध्ये १९५९ ला संपली. तिचीच अँबॅसडर कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याला २०१४ पर्यंत बनत होती. रॉयल एनफिल्डचा इंग्लंडमधला रेडिचचा कारखाना साठच्या दशकात बंद पडला आणि मद्रासची बुलेट आजतागायत चालू आहे. जर्मनीत किंवा इंग्लंडमध्ये एखादा जाणकार गाडीभोवती एक चक्कर मारून दोनेक वर्षांच्या फरकाने तिचे साल सांगू शकतो, कारण तिथे दर चार-पाच वर्षांनी मॉडेल बदलत गेले. आमच्या फियाटभोवती त्याने कितीही चकरा मारल्या तरी तो फार तर ‘साठ ते नव्वदच्या मध्ये कधीतरी’ एवढेच म्हणेल. जाळी, दिवे, बंपर हे तर आपल्याकडे मिस्त्री मिळेल त्या सालचे बसवतात.

मग राहतो कागद. इतर देशांत तो कागद मालकाला अनेक दारांतून मिळू शकतो. कंपनी आपली जुनी वही उघडून चासी क्रमांकावरून कारखान्यातून निघाल्याची तारीख लिहून देते. ब्रिटनमध्ये तर डीव्हीएलएने मान्यता दिलेल्या हौशी मालकांच्या क्लबांची यादीच आहे, आणि त्यांचे वयाचे पत्र सरकार ग्राह्य धरते. मला कुणाचे पत्र मिळणार? प्रीमियरचा मोटारींचा कारखाना कधीच बंद झाला, कुर्ल्याच्या त्या जागेवर आता इमारती आहेत. तिकडच्या फियाटप्रेमी मंडळींना इटालियन गाड्यांची खडान्‌खडा माहिती असते, पण कुर्ल्याच्या चासी क्रमांकांचा हिशेब त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. त्यात भारतातून चकाचक रंगवून गेलेल्या, पण आतून जोडजमाव केलेल्या व्हेस्पा आणि लॅम्ब्रेटा स्कूटरींनी इंग्लंडमधल्या लोकांचे हात आधीच पोळलेले आहेत. भारतीय जुन्या गाडीचा कागद तिथे जरा निरखूनच पाहिला जातो.

म्हणजे माझ्या गाडीच्या वयाचा भरवशाचा पुरावा जगात एकाच ठिकाणी आहे: महाराष्ट्र सरकारच्या रजिस्टरात.

१९९१ ची तारीख घेऊन मी तशीच पुढे गेले असते तर? गाडीला हिस्टॉरिक वर्ग मिळाला नसता, एवढ्यावरही भागले नसते. एप्रिल १९८० नंतरच्या गाडीला तिथे मागे धुक्याचा दिवा लागतो. माझ्या गाडीला तो कधी नव्हता. एप्रिल १९८७ नंतरच्या गाडीला मागच्या सीटला पट्टे लागतात, तेही नाहीत. ऑगस्ट १९७५ पूर्वीच्या गाडीचा धूर तपासनीस नुसत्या डोळ्यांनी पाहतो, १९९१ च्या गाडीला मात्र कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्क्यांच्या आत हवा. छप्पन्न-सत्तावन्न वर्षांच्या इंजिनाकडून तेवीस वर्षे तरुण इंजिनाचे मोजमाप मागायचे. गाडी धडधाकट असूनही नापास झाली असती, आणि पास व्हायची तर तिला ड्रिल मारून, वायरी ओढून, जे तिचे मूळपण आहे तेच मोडावे लागले असते.

म्हणून मी आधी आरसी दुरुस्त करून घ्यायचे ठरवले. दुरुस्तीला पुरावा मागितला गेला: जुने आरसी बुक. जुने आरसी बुक कार्यालयातच जमा झालेले, आणि ते कुठे आहे हे कुणाला सांगता येईना. मग आरसी पर्टिक्युलर्स, म्हणजे कार्यालयातल्या नोंदीचा तपशील, मागितले. ते मिळाले, पण निघाले संगणकातूनच. तेव्हा छापून आली तीच १९९१. एका खिडकीतून दुसरीकडे, दुसरीतून पुन्हा पहिलीकडे. प्रत्येक जण सौजन्याने बोलला आणि प्रत्येकाने खरेच सांगितले, की त्याच्या हातात काही नाही.

शेवटी जिथे १९६८ मध्ये पहिली नोंद झाली त्या कार्यालयातल्या एका वयस्क कर्मचाऱ्याने रेकॉर्डरूम उघडली. त्यांची निवृत्ती जवळ आली होती. ‘बाई, रजिस्टर असेल तर दाखवतो, पण कागद देता येणार नाही, तशी पद्धत नाही,’ असे त्यांनी आधीच सांगितले. कापडी पुठ्ठ्याची, दोन हातांनी उचलावी लागतील अशी रजिस्टरे, पाठीला खळीने चिकटवलेल्या चिठ्ठ्या, अर्ध्या गळून गेलेल्या. नंबरांच्या मालिकेवरून त्यांनी खंड शोधला. पान उलटताना कडा बोटांना लागून तुटत होत्या. कसरीने खालचा कोपरा खाल्ला होता आणि तो खड्डा पाच-सहा पानांतून आरपार गेला होता. आमच्या ओळीला तो लागला नव्हता, वरच्या दोन ओळी वाचल्या होत्या, खालच्या दोन गेल्या होत्या.

निळ्या शाईत तिरप्या इंग्रजी अक्षरांत सगळे होते. नोंदणीचा दिनांक, मे १९६८. वडिलांचे पूर्ण नाव, व्यवसाय वैद्यकीय, आमच्या जुन्या घराचा पत्ता. चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, बसण्याची क्षमता, रिकाम्या गाडीचे वजन, विक्रेत्याचे नाव, रंग फिका करडा. शेरा या रकान्यात नंतरच्या कुणीतरी लाल शाईत गाडी कर्नाटकात गेल्याचे आणि ना हरकत दाखला दिल्याचे लिहिले होते. बॉनेटखालच्या पाटीवरून मी उतरवून आणलेला चासी क्रमांक आम्ही दोघांनी एकेक आकडा मोठ्याने वाचून ताडून पाहिला. तंतोतंत जुळला. त्या माणसाच्या चेहऱ्यावर माझ्याइतकाच आनंद होता, हे मला आपल्याला आवर्जून कळवायचे आहे. आपल्या खात्यात अशी माणसे आहेत.

पण कागद मिळाला नाही. नमुना नाही, शुल्क ठरलेले नाही, सही कुणी करायची ते ठरलेले नाही. मग माहितीच्या अधिकारात अर्ज केला. मी परदेशात असल्यामुळे तो भावाने केला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. आधी ‘अभिलेख आढळत नाही’ असे उत्तर आले. मी स्वतः ते पान पाहिले होते, खंडाचा क्रमांक लिहून घेतला होता, म्हणून अपील करता आले. अपिलानंतर पानाची साक्षांकित प्रत मिळाली. ज्याने पान पाहिलेले नाही त्याने पहिल्याच उत्तरावर हात टेकले असते.

ती प्रत, आरसी आणि खुलाशाचे पत्र असे सगळे स्वॉन्सीला पाठवले. गाडीला ‘एफ’ने संपणारा नंबर मिळाला. माझे काम झाले. तरीही हे पत्र लिहिते आहे, कारण ते झाले ते एका माणसाच्या भलेपणामुळे आणि कसर दोन ओळी अलीकडे थांबल्यामुळे. खालच्या दोन ओळींच्या मालकांचे काय? त्यांची मुले उद्या मेलबर्नला किंवा टोरंटोला आजोबांची गाडी घेऊन गेली तर त्यांना दाखवायला काय उरले आहे? माझ्या माहितीतल्या एका गृहस्थांनी वडिलांची येझदी नेण्याचा विचार याच कारणाने सोडून दिला आणि ती भंगारात विकली. पहिल्या नोंदीचे पान सापडले नाही, एवढेच कारण.

हा फक्त परदेशी गेलेल्यांचा हट्ट आहे असे कुणी म्हणेल. तसे नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली दुचाकी आणि चारचाकी वाहने तिच्यात येतात. नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे. आणि आधीच नोंदलेल्या गाडीला आपला मूळ क्रमांक राखण्याची मुभा. नियम चांगला आहे, जुन्या गाड्यांकडे भंगार म्हणून न पाहता ठेवा म्हणून पाहणारा आहे. पण त्याचाही पाया तोच: पहिल्या नोंदणीची तारीख. पन्नास वर्षे मागे गेलात की आपण थेट हाताने लिहिलेल्या रजिस्टरात पोचतो. १ जुलै १९८९ ला १९८८ चा मोटार वाहन कायदा लागू झाला आणि एमएच मालिका आली. त्याआधीच्या तीन अक्षरी मालिकांतल्या ज्या गाड्या राज्याबाहेर जाऊन आल्या, ज्यांचे क्रमांक बदलले, ज्यांच्या नोंदी संगणकावर चढवताना बॅकलॉग म्हणून घाईने भरल्या गेल्या, त्या सगळ्यांना हा नियम वापरायचा तर मूळ पान लागणार. परदेशातून गाडी परत आणणाऱ्यालाही तेच. माझी फियाट उद्या माझ्याबरोबर मायदेशी परतली तर तिची मूळ ओळख आपल्याच रजिस्टरात शोधावी लागेल.

आता मागणी नेमकी काय ते लिहिते. १९८९ पूर्वीची प्रथम नोंदणीची सर्व रजिस्टरे अभिलेख वर्गीकरणाच्या ‘अ’ वर्गात, म्हणजे कायम जतन करण्याच्या वर्गात, असल्याचे आपल्या कार्यालयाने एका परिपत्रकाने स्पष्ट करावे, म्हणजे रेकॉर्डरूम रिकामी करण्याच्या मोहिमेत ती रद्दीत जाणार नाहीत. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आपल्याकडे आहेच, त्यासाठी नवा कायदा लागत नाही. ती स्कॅन व्हावीत. महसूल विभागाने अनेक जिल्ह्यांतले जुने सातबारा आणि फेरफार स्कॅन करून ‘आपले अभिलेख’वर लोकांना खुले केले, मोडी लिपीतली, तुकडे पडत आलेली पानेसुद्धा त्यात आहेत. जमिनीची पहिली नोंद ज्या कारणाने मोलाची, त्याच कारणाने वाहनाचीही मोलाची. आणि ‘प्रथम नोंदणीचा उतारा’ अशी एक सेवा ठरवावी: एक पानी नमुना, मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत, पहिल्या नोंदणीची तारीख, मूळ क्रमांक, चासी आणि इंजिन क्रमांक, सोबत मूळ पानाची प्रत, खाली सक्षम अधिकाऱ्याची सही. तिला वाजवी शुल्क लावा, आम्ही आनंदाने भरू. पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाला ६०० रुपयांचे ५ हजार झाले तेही भरले. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली ही सेवा अधिसूचित झाली तर मुदतही आपोआप बांधली जाईल आणि माहितीच्या अधिकाराचा वळसा घालावा लागणार नाही.

याच उताऱ्याच्या आधारे संगणकातली चुकीची तारीख दुरुस्त करण्याचा अधिकार त्या त्या कार्यालयाला असावा. आज उतारा नसल्यामुळे दुरुस्ती होत नाही आणि दुरुस्ती होत नसल्यामुळे चूकच खरी ठरते आहे.

गैरवापराची शंका रास्त आहे. चोरीच्या किंवा दोन गाड्यांची एक केलेल्या वाहनाला असा उतारा जोडून कुणी खोटी ओळख मिळवू पाहील. म्हणून उतारा नोंदणीकृत मालकालाच द्यावा, आणि त्याआधी मोटार वाहन निरीक्षकाने गाडीवरचा चासी क्रमांक प्रत्यक्ष पाहून रजिस्टराशी जुळवावा. गाडी देशाबाहेर कायमची जाणार असेल तर तशी नोंदही उताऱ्यावर आणि संगणकावर व्हावी, म्हणजे त्याच क्रमांकावर इथे दुसरी गाडी उभी राहणार नाही. जुळवून दिलेला कागद हा खोट्या कागदावरचा सगळ्यात चांगला उपाय आहे. आज खऱ्या मालकाला खरा कागद मिळत नाही म्हणूनच एजंटाकडचे बनावट कागद खपतात.

मनुष्यबळ नाही हे उत्तर मी ऐकून आहे. त्यासाठी एक सुचवते. राज्यात जुन्या गाड्यांवर प्रेम करणारे अनेक गट आहेत, जुनी कागदपत्रे हाताळायची सवय असलेले इतिहासाचे विद्यार्थी आहेत, निवृत्त झालेले आपलेच कर्मचारी आहेत, ज्यांना कोणत्या कपाटात कोणती मालिका आहे हे आजही तोंडपाठ आहे. आपण एका जिल्ह्यापासून सुरुवात केलीत आणि अधिकृत देखरेखीखाली काम करायला बोलावलेत तर माणसे येतील. मी सुट्टीवर येईन तेव्हा मीही येईन. निवृत्त कर्मचाऱ्यांची आठवण मात्र लवकर कामी लावायला हवी.

ज्या रेकॉर्डरूममध्ये मी ते रजिस्टर पाहिले तिथे साठच्या दशकातले खंड खिडकीखाली, जमिनीला टेकलेल्या सर्वांत खालच्या फळीवर होते आणि त्या भिंतीला ओल होती. कार्यालयाचे नाव आणि खंडांचे क्रमांक मी आपल्याला वेगळ्या टपालाने कळवत आहे, म्हणजे कुणाचाही जाहीर उल्लेख होणार नाही. परिपत्रक, स्कॅनिंग, नवी सेवा याला वेळ लागेल हे मला मान्य आहे. ते खंड वरच्या फळीवर ठेवायला मात्र एका फोनचे काम आहे. पावसाळ्याच्या आत तो फोन व्हावा ही विनंती.

आपली नम्र,
इंग्लंडमध्ये राहणारी, महाराष्ट्रात नोंदलेल्या एका फियाटची मालक